अमळनेरचे भागधारक : धीराच्या एका कथेची चिकित्सा

मराठीच्या अभ्यासकाला अमळनेर हे नाव काही ठरावीक संदर्भांमुळे परिचित असते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि 'विद्यार्थी' हे मासिक त्यांनी तेथूनच चालविले. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर तेथे आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे १९५२ मध्ये भरले आणि त्यानंतर २०२४ मध्ये पुन्हा भरले. बोरी नदीकाठचे, सखाराम महाराजांच्या यात्रेचे हे गाव गेल्या काही दशकांत मात्र आणखी एका गोष्टीसाठी सांगितले जाते. 'विप्रो' ही कंपनी मूळची येथली. तिचे भाग गावातल्या साध्या लोकांनी सुरुवातीच्या काळात घेतले, ते धीराने सांभाळले आणि त्यांची पुढची पिढी कोट्यधीश झाली, अशी ती कथा. कंपनीचे सुमारे तीन टक्के भाग अमळनेरकरांकडे असल्याचे वृत्तपत्रांतून वारंवार छापले गेले आहे.

कथा खोटी नाही. परंतु ती ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्यातून जे तात्पर्य काढले जाते, त्याची चिकित्सा व्हावयास हवी असे आम्हांस वाटते. 'लहान कंपनीचे भाग घ्या, धीर धरा, श्रीमंत व्हा' हे ते तात्पर्य. आज आमच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी ते भ्रमणध्वनीवर रोज ऐकतात आणि पुष्कळदा त्यावर विसंबून पैसेही गुंतवतात. म्हणून हा विषय केवळ अर्थशास्त्राच्या विभागाकडे ढकलून आपल्याला मोकळे होता येत नाही. कथा कोण सांगतो, केव्हा सांगतो आणि तिच्यातून कोणाला वगळतो, हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण देणे हे तर आपलेच काम आहे.

दामदुप्पट आणि भाग

मराठी समाजाच्या पैशाविषयीच्या कल्पना कर्जाच्या अनुभवातून घडल्या. १८७५ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेली ती घटना. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईतील भागांच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे ते मूळ. एकाच इलाख्यात, दोन महिन्यांच्या अंतराने, कागदाची दोन निरनिराळी भवितव्ये दिसतात. एकीकडे कागद जाळल्यावाचून सुटका नव्हती, तर दुसरीकडे कागदाच्याच खरेदी-विक्रीला संस्थेचे रूप येत होते.

आपल्या परंपरेत 'दामदुप्पट' नावाचा एक नियम होता. थकलेले व्याज कोणत्याही वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, असे हा धर्मशास्त्रीय दंडक सांगत असे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला होता. व्यवहारात तो किती पाळला गेला हा भाग वेगळा. पण पैसा किती वाढू शकतो, याची एक नैतिक कमाल मर्यादा त्यात कल्पिलेली होती. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीने, जिला हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने वाट मिळाली, ही कल्पना उलटी केली. येथे मर्यादा तोट्याला. भागाची पूर्ण रक्कम भरलेल्या माणसाचे नुकसान त्या रकमेहून अधिक होऊ शकत नाही. लाभाला मात्र वरून कसलेच झाकण नाही.

या नव्या रचनेची पहिली ओळख मुंबईला झाली ती १८६४-६५ च्या भागांच्या वेडातून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत लोटला, नवनव्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. तेव्हापासून 'शेअर' हा शब्द मराठी घरात सट्ट्याच्या शेजारी जाऊन बसला. आपल्या कथा-कादंबऱ्यांत सावकार ठसठशीतपणे उभा आहे, जप्ती आहे, गहाणवट आहे. 'श्यामची आई'सारख्या पुस्तकातही घराचे दुःख कर्जाच्या वाटेने येते. भागधारक मात्र आपल्या साहित्यात फारसा कोठे भेटत नाही. ज्याचे चित्रण झालेले नाही अशा माणसाविषयी दंतकथा लवकर तयार होतात, असे आम्हांस वाटते.

औंध संस्थानातील दोन कारखाने

भागाला लागलेला सट्ट्याचा डाग पुसण्याचे काम स्वदेशीच्या चळवळीने केले. १९०७ मध्ये टाटांनी पोलाद कंपनीचे भाग विक्रीस काढले, तेव्हा सुमारे ८,००० हिंदी लोकांनी अवघ्या तीन आठवड्यांत आवश्यक भांडवल उभे केले. भाग घेणे हे आता देशकार्य ठरू लागले होते.

दक्षिण महाराष्ट्रात याची दोन उदाहरणे शेजारी-शेजारी दिसतात. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. १९२० मध्ये त्यांचा उद्योग मर्यादित कंपनी झाला आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' यांना जे स्थान आहे, त्याचा उगम एका कारखान्याच्या प्रसिद्धिपत्रात आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण कंपनीची स्थापना आणि पत्राचा जन्म एकाच वर्षातला आहे, याकडे फारसे लक्ष वेधत नाही. वर्गणीदार आणि भागधारक या दोघांकडून अपेक्षा सारखीच होती : दूरवरच्या एका उपक्रमावर विश्वास ठेवून अगोदर पैसे द्यावेत.

त्याच औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगले काच कारखाना उभा राहिला. त्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. संस्थापकांची सचोटी, स्वदेशीची प्रेरणा, संस्थानाचा पाठिंबा, मालाची ख्याती या साऱ्या कसोट्यांवर १९२५ सालच्या गुंतवणूकदाराला ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी यांत उणे-अधिक करता आले नसते. पुढे वीज गावोगाव पोहोचली, कंदिलाची गरज ओसरली आणि ओगलेवाडीचा कारखाना कालांतराने बंद पडला. किर्लोस्करांची कंपनी आजही पंप बनविते. दोन्ही कारखान्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा धीर सारखाच होता. फळ सारखे नव्हते. धीर हे फळाचे कारण असते, तर असे झाले नसते.

तेलाच्या गिरणीचे गाव

आता अमळनेरकडे येऊ. तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील हे गाव कापूस आणि भुईमूग यांच्या मुलखात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी येथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी नोंदविली. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करणे हा तिचा धंदा. त्याच्या जोडीला '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण. १९४६ मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचे भाग लोकांसाठी खुले झाले आणि त्यांतील काही गावात व आसपास राहणाऱ्यांकडे गेले.

त्या वेळी हा भाग घेणे कितपत शहाणपणाचे होते? वनस्पती तुपाच्या बाजारात 'डालडा' १९३७ पासून ठाण मांडून होता. गांधीवादी मंडळींचा वनस्पतीला तीव्र विरोध होता. ते शुद्ध तुपात भेसळीचे साधन होते, म्हणून त्यावर बंदी घालावी ही मागणी संसदेपर्यंत गेली. १९५१ च्या उद्योग नियमन कायद्यानंतर कारखाना वाढवायचा तर सरकारी परवाना हवा होता. नवे भाग किंवा बक्षीस भाग काढायचे तर १९४७ च्या कायद्यानुसार भांडवल नियंत्रकाची अनुमती लागे, आणि ही व्यवस्था १९९२ पर्यंत चालू होती. थोडक्यात, संगणक हा शब्दही ज्याच्या कानी पडलेला नव्हता अशा माणसाने तुपाच्या गिरणीचा भाग घेतला, आणि त्या गिरणीपुढे अडचणीच अधिक होत्या.

११ ऑगस्ट १९६६ रोजी प्रेमजींचे निधन झाले. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतील स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धे टाकून परतला. त्याच्या पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभे राहून, तुम्हांला हे झेपणार नाही, तुमचे भाग जाणत्या माणसाला विकून टाका, असे सुनावल्याचा प्रसंग अझीम प्रेमजींनी पुढे स्वतः सांगितला आहे. आज हा प्रसंग त्या भागधारकाच्या अदूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हांस मात्र तो त्या सभेतला विचारी माणूस वाटतो. अनुभव नसलेल्या तरुणाच्या हाती आपली पुंजी आहे हे पाहून त्याने प्रश्न केला. भागधारकाचे कर्तव्य याहून वेगळे काय असते? तो चुकला हे १९६७ मध्ये कोणालाच कळण्यासारखे नव्हते.

मग भाग सांभाळले गेले ते का? आमच्या मते चार कारणे संभवतात. पहिले, सान्निध्य. गिरणीचा भोंगा ऐकू येत होता, शेंगा तेथेच विकल्या जात होत्या, नात्यातले कोणी तेथे कामाला होते. दुसरे, विकण्यातली अडचण. लहान कंपनीच्या भागाचा भाव रोज कळण्याची सोय तालुक्याच्या गावी नव्हती. हस्तांतराचा कागद भरा, सही जुळवा, मुंबईचा दलाल गाठा, हा खटाटोप मोठा होता. तिसरे, लाभांश. थोडी का होईना, वर्षाकाठी रक्कम हाती येई, म्हणून कागद निरुपयोगी वाटत नसे. चौथे, विस्मरण. ट्रंकेच्या तळाशी गेलेला कागद विकण्याचा विचारच कोणी करीत नाही. या चारांतले एकही कारण 'दीर्घकालीन गुंतवणुकीचे धोरण' या नावाने ओळखता येणार नाही. धीर हे नाव या सगळ्याला नंतर मिळाले, कथा सुफळ झाल्यावर.

आकड्यांचे अलंकरण

१९७७ मध्ये कंपनीच्या नावात 'विप्रो' आले. त्याच सुमारास विदेशी चलनाच्या कायद्याशी न पटल्याने आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि संगणकाच्या बाजारात पोकळी निर्माण झाली. १९८० च्या सुमारास बंगळूरमधून विप्रोने त्या क्षेत्रात पाऊल टाकले. तुपाच्या कंपनीचे हे रूपांतर अमळनेरच्या भागधारकाने घडविले नव्हते, सुचविलेही नव्हते.

यापुढचा हिशेब असा. १९८० मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचा एक भाग ज्याच्याकडे होता, त्याचे १९८१ च्या बक्षीस भागाने २ झाले, १९८५ मध्ये ४. १९८६ मध्ये १०० रुपयांच्या भागाचे १० रुपयांचे दहा तुकडे झाले, म्हणजे ४०. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ मध्ये प्रत्येक वेळी दुप्पट होऊन ६४०. १९९७ मध्ये एकास दोन बक्षीस, म्हणजे १,९२०. १९९९ मध्ये १० रुपयांचा भाग २ रुपयांचा झाला, म्हणजे ९,६००. २००४, २००५ आणि २०१० च्या बक्षिसांनंतर ९६,०००. २०१७ मध्ये १,९२,०००, २०१९ मध्ये २,५६,००० आणि २०२४ मध्ये ५,१२,०००. भावाचा आकडा निव्वळ उदाहरणादाखल २०० रुपये धरला, तरी एका भागाचे १० कोटी २४ लाख रुपये होतात. त्यात वाटेत मिळालेले लाभांश धरलेले नाहीत.

या आकड्यांनी डोळे दिपतात, आणि म्हणूनच ते सावधपणे वाचले पाहिजेत. भाकरीचे चार तुकडे केल्याने भाकरी मोठी होत नाही. भागविभाजन आणि बक्षीस भाग यांनी संख्या वाढते, संपत्ती वाढत नाही. संपत्ती वाढली ती कंपनीच्या नफ्यामुळे. तरीही कथनात हे तुकड्यांचे गणितच पुढे येते, कारण त्यात चमत्काराचा आवेश आहे. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला दुपटीची भुरळ पडणे स्वाभाविक आहे.

शिवाय ही चढण सरळ नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये भाव शिगेला पोहोचला आणि २००१ च्या सप्टेंबरपर्यंत त्यातला चार-पंचमांशाहून अधिक भाग गळून पडला. बक्षीस भागांचा हिशेब करूनही तो जुना उच्चांक पुन्हा गाठायला दशकाहून अधिक काळ जावा लागला. म्हणजे १९८० चा भागधारक आणि २००० चा भागधारक या दोघांनी एकाच कंपनीचे भाग सारख्याच निष्ठेने सांभाळले, तरी त्यांच्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

विकलेल्या भागांचा इतिहास

अमळनेरच्या कथेत ज्यांनी भाग ठेवले ते आहेत. ज्यांनी विकले ते कोठे आहेत? कोणी मुलीच्या लग्नासाठी विकला असेल, कोणी विहीर खणण्यासाठी, कोणी मुलाला पुण्यास शिकायला पाठविण्यासाठी. कथेच्या हिशेबात हे सारे उतावळे ठरतात, हळहळण्याचे धनी होतात. पण दुष्काळी वर्षात विहिरीला लागलेले पाणी किंवा घरातला पहिला पदवीधर, यांचे मोल कोणत्या भावाने करायचे? पैसा साठविण्यासाठी असतो तसा तो वेळेवर उपयोगी पडण्यासाठीही असतो. गरिबाला वेळेवर विकावे लागते आणि सुस्थिताला थांबता येते. धीर हा पुष्कळदा स्वभावापेक्षा परिस्थितीचा गुण असतो. कथेचा नायक घडविताना हा वर्गीय भेद झाकला जातो.

दुसरी अनुपस्थिती त्याहून मोठी आहे. विप्रोबरोबर त्या दशकांत निघालेल्या आणि नामशेष झालेल्या तेल गिरण्या, साबणाचे कारखाने, लहान सूतगिरण्या यांच्या भागधारकांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही उरलेले नाही. अमेरिकेतील हेंड्रिक बेसेम्बाइंडर या अभ्यासकाने १९२६ ते २०१६ या काळातील तेथील सूचिबद्ध भागांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आढळले ते असे : बाजाराने ठेवीसदृश सरकारी रोख्यांपेक्षा जी अधिकची संपत्ती निर्माण केली, ती सगळी जवळजवळ चार टक्के कंपन्यांच्या वाट्याची होती, बहुसंख्य भागांनी आपल्या आयुष्यभरात त्या रोख्यांइतकाही परतावा दिला नाही. साहित्याच्या इतिहासात आपल्याला हे अपरिचित नाही. एका काळात लिहिल्या गेलेल्या शेकडो कादंबऱ्यांतून पाच-सहा उरतात आणि आपण त्यांवरून त्या काळाचे 'वैशिष्ट्य' ठरवितो. उरलेल्यावरून साऱ्याचा निष्कर्ष काढणे हा दोष दोन्ही ठिकाणी एकच आहे.

या विवेचनातून लहान कंपन्यांत पैसे घालूच नयेत, असे सिद्ध होत नाही. कोणती तरी मोठी कंपनी कधी तरी लहान असतेच आणि तिला कोणी तरी भांडवल द्यावेच लागते. मात्र इतिहासाचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. त्यातून निघणारा धडा 'एक निवडा आणि थांबा' असा नसून बराच नीरस आहे : पुष्कळ ठिकाणी थोडे थोडे ठेवावे, अडीअडचणीचा पैसा त्यात घालू नये, आणि धंद्याचा ताळेबंद वाचण्याचे कष्ट घ्यावेत. सेबीच्या २०१७ च्या परिपत्रकाने म्युच्युअल फंडांसाठी 'लहान' या शब्दाची व्याख्या केली आहे : बाजारमूल्याच्या क्रमवारीत २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या साऱ्या कंपन्या. त्या यादीत आजची 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल' असेल, आणि आजचे ओगलेवाडीही असेल. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळात अशा कंपन्यांचा प्रमुख निर्देशांक निम्म्याहून खाली आला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातील डिमॅट खात्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. यांतल्या अनेकांनी ती घसरण पाहिलेलीच नाही, कारण ते बाजारात आले तिच्यानंतर.

कागदाचे पुढे काय?

आता उरतो तो कागद. २०१३ मध्ये विप्रोने साबण, तेल इत्यादींचा व्यवसाय वेगळा करून 'विप्रो एंटरप्रायझेस' या, बाजारात सूचिबद्ध नसलेल्या कंपनीकडे दिला. अमळनेरचा कारखाना त्या बाजूला गेला. म्हणजे अमळनेरकराच्या हातातला बाजारात विकता येणारा भाग ज्या कंपनीचा आहे, तिचा अमळनेरच्या गिरणीशी आता मालकीचा संबंध नाही. सान्निध्यातून घेतलेल्या भागातून सान्निध्यच निघून गेले, आणि उरला तो संख्येचा हिशेब. गावाच्या कथेत ही घटना सहसा येत नाही.

दीर्घकाळ सांभाळण्याला आणखी एक अट लागू झाली आहे. एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपनीचे कागदी भाग, वारसाहक्काचे अपवाद वगळता, दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. आधी ते डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले भाग २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात आणि ते परत मिळविण्यासाठी वारसाला अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रे यांची वाट चालावी लागते. ज्या विस्मरणाने एका पिढीचा लाभ केला, तेच विस्मरण आता पुढच्या पिढीचे नुकसान करू शकते.

अमळनेर, किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी या गावांतील घरांत जुनी भागपत्रे, वार्षिक अहवाल, लाभांशाच्या चिठ्ठ्या, हस्तांतराचे कागद असणे संभवते. मराठी मध्यमवर्गाचा आर्थिक इतिहास लिहिण्याची ती अव्वल साधने आहेत. बखरी आणि दप्तरे ज्या आस्थेने आपण जमविली, त्या आस्थेने ती जमविली पाहिजेत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी याहून सकस विषय सुचविणे अवघड आहे. त्या कागदांच्या पाठीवर नावे बदललेली असतील. कोणी कधी विकला, कोणाला विकला, विधवेच्या नावे कधी झाला, याच्या तारखा तेथे मिळतील. श्रीमंत झालेल्यांची नावे वृत्तपत्रांनी छापली आहेत. ज्यांनी विकले त्यांची नावे त्या पाठींवरच आहेत, आणि अमळनेरचा इतिहास त्यांच्यावाचून अर्धा राहतो.